माणूस गेला, खातं पुसलं, सर्व्हर तापला

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतले कारखानदार, गावातल्या पतसंस्थांचे सचिव, दूध संस्थांचे हिशेबनीस, ऊस वाहतुकीची बिलं काढणारे, शाळांचे हेडक्लार्क, तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. तुमच्या कार्यालयातून कोणी नोकरी सोडून गेलं, तर त्याचं संगणकावरचं खातं त्याच दिवशी पुसू नका. बंद करा, पण पुसू नका. आणि पुसून झालंच असेल, सर्व्हरचा पंखा आता दिवसभर घोंघावत असेल, एक बिल निघायला ताटकळावं लागत असेल, तर ‘फॉरमॅट मारून टाकू’ म्हणणाऱ्याला जरा थांबवा. ‘जाताना त्यानंच काहीतरी करून ठेवलंय’ असं म्हणणाऱ्याला तर आधी थांबवा.

आपल्या भागात सर्व्हर म्हणजे काचेच्या खोलीतलं मोठं कपाट क्वचितच असतं. बहुतेक ठिकाणी तो टेबलाखाली किंवा कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेला एक साधा संगणक असतो. त्याचा मॉनिटर कधी चालू, कधी बंद. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर, हजेरीच्या थंब मशीनची माहिती त्याच्यावर, वजनकाट्याच्या पावत्या त्याच्यावर, रात्रीचा बॅकअपही तोच घेतो. हंगाम सुरू झाला की तो दिवसरात्र चालतो आणि तो चालतो आहे म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. अशाच मशीनवर हा घोटाळा सर्वांत जास्त होतो, म्हणून मुळापासून सांगतो.

सॉफ्टवेअर बसवायला आलेला माणूस त्या दिवशी विचारतो, ‘अ‍ॅडमिनचा पासवर्ड सांगा.’ कार्यालयात संगणकातलं ज्याला थोडंफार कळतं तो पुढे होतो आणि आपलं नाव, आपला पासवर्ड टाकतो. त्या क्षणापासून ते सॉफ्टवेअर पार्श्वभूमीवर त्याच्या नावानं चालू लागतं. विंडोजमध्ये अशा पडद्याआड चालणाऱ्या कामाला सर्व्हिस म्हणतात. कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो, ती आपलं काम करत राहते. पण तिलाही मशीनमध्ये शिरायला कोणाच्या तरी नावाचा परवाना लागतो. मग पुढच्या वर्षी बॅकअप बसतो, तोही त्याच नावानं. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये जावा म्हणून त्या मशीनमध्येही तेच नाव भरलं जातं. शेजारच्या तीन संगणकांवर ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ या चौकटीत टिचकी पडते. पाच-सात वर्षांत कार्यालयाचं निम्मं काम एका माणसाच्या खात्यावर उभं राहतं आणि हे कुठेही लिहिलेलं नसतं. त्या माणसालासुद्धा आठवत नसतं.

मग तो दुसरीकडे चांगल्या पगारावर जातो. मालक म्हणतात, सुरक्षितता म्हणून त्याचा युजर डिलीट करा. हेतू योग्यच आहे. गेलेल्या माणसाला मशीनमध्ये शिरता येऊ नये, यात वावगं काही नाही. युजर डिलीट होतो. आणि काहीच होत नाही.

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे नीट समजून घ्या. चालू असलेल्या सर्व्हिसनं सुरू होतानाच त्या खात्याची ओळख पटवून परवाना घेतलेला असतो. खातं पुसलं तरी तिच्या हातातला परवाना लगेच काढून घेतला जात नाही. ती चालतच राहते, चार दिवस, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. मग एक दिवस मशीन रीस्टार्ट होतं. कधी वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी दगा देते, कधी साप्ताहिक सुट्टीला कोणी मुख्य स्विच बंद करतं, कधी विंडोजचा अपडेट स्वतःच रीस्टार्ट घडवतो. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी-गुरुवारी सकाळी आलेल्या तक्रारींकडे जरा जास्त लक्ष द्या. रीस्टार्टनंतर सर्व्हिस पुन्हा परवाना मागते. त्या नावाचं खातंच नसतं. सर्व्हिस सुरू होत नाही.

खातं पुसलं एका महिन्यात, त्रास सुरू झाला दुसऱ्या महिन्यात. दोन्हीची सांगड कोणी घालत नाही.

आता तुम्ही विचाराल, सर्व्हिस बंद पडली तर प्रोसेसरवरचा भार कमी व्हायला हवा, तो वाढतो का? कारण बंद पडलेली सर्व्हिस एकटी नसते, तिच्यावर अवलंबून असलेले पुष्कळ असतात. बिलिंगचे संगणक तिला हाक मारतात, उत्तर आलं नाही की पुन्हा हाक मारतात. काही सॉफ्टवेअरमध्ये राखणदार म्हणून एक छोटा प्रोग्रॅम असतो. मुख्य सर्व्हिस चालू आहे का हे तो बघत राहतो आणि ती बंद दिसली की पुन्हा उठवायला जातो. दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचं हे लिहिणाऱ्यानं नीट ठरवलेलं नसेल, तर तो अखंड प्रयत्न करतो. झेरॉक्स मशीन जुन्या नावानं दार ठोठावतं. शेजारचे संगणक जतन केलेला जुना पासवर्ड पाठवत राहतात. अशा प्रत्येक प्रयत्नाला विंडोजचा ओळख तपासणारा भाग उत्तर देतो. टास्क मॅनेजरमध्ये तो ‘एलसॅस’ किंवा ‘लोकल सिक्युरिटी अथॉरिटी’ या नावानं दिसतो. प्रत्येक नकाराची नोंद लिहिणारी सर्व्हिस वेगळी, ती एसव्हीसीहोस्ट नावाच्या एका डब्यात बसलेली असते. नोंदींवर नजर ठेवणारं एखादं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल, तर प्रत्येक नव्या नोंदीला तेही जागं होतं. एक नकार म्हणजे काहीच नाही, पण हेच मिनिटाला शेकड्यांनी होऊ लागलं की मशीन त्यातच गुंतून पडतं आणि तुमचं बिल रांगेत उभं राहतं.

हे सगळं होत असताना कार्यालयात बोलणं वेगळंच चालतं. तो गेला आणि मशीन बिघडलं, म्हणजे त्यानंच व्हायरस सोडला. कागल मोठं शहर नाही. निपाणीपासून कोल्हापूरपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगाला जो तो एकमेकांच्या ओळखीतला. आज इथे बोललेलं वाक्य उद्या त्याच्या नव्या मालकाच्या कानावर जातं. ज्यानं वर्षानुवर्षं तुमचे हिशेब चोख ठेवले, त्याच्यावर कोणताही पुरावा नसताना असा डाग लागतो, आणि खरं कारण एवढंच असतं की मशीन त्याच्या नावाचा परवाना मागतं आणि तो मिळत नाही. मला या सगळ्या प्रकारात प्रोसेसरच्या भारापेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं. सर्व्हर दुरुस्त होतो. तेव्हा आधी नोंदी वाचा, मग बोला.

नोंदी वाचणं अवघड नाही. सुरुवात टास्क मॅनेजरपासून करा. त्यातल्या ‘डिटेल्स’ या पानावर सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त भार घेणारं काम वर येतं. तिथे ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ पंचाण्णव टक्क्यांवर दिसली तर घाबरू नका, तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. त्यालाच आजार समजून मशीन बंद-चालू करत बसणारे लोक मी पाहिले आहेत. ती ओळ सोडून खालच्या ओळी बघा. एखादं काम बरोबर २५ टक्क्यांवर खिळून बसलं असेल आणि तुमच्या मशीनमध्ये चार लॉजिकल प्रोसेसर असतील, तर त्याचा अर्थ बहुधा असा की त्यातला एक पूर्णपणे एकाच फेऱ्यात अडकला आहे. आठ असतील तर हाच आकडा १२-१३ टक्के दिसतो. आकडा वर-खाली न होता एका जागी ठाण मांडून असेल, तर ती खूण फेऱ्यात अडकलेल्या कामाची समजा.

एसव्हीसीहोस्ट वर दिसला तर त्याच्यावर उजवी टिचकी मारून ‘गो टू सर्व्हिसेस’ निवडा, म्हणजे त्या डब्यात नेमकी कोणती सर्व्हिस बसली आहे ते कळेल. त्याला जबरदस्तीनं बंद करू नका. त्याच डब्यात मशीनला जगवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिसही असू शकतात. ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ वर असेल, तर तो स्वतः दोषी नसतो. दुसरा कोणीतरी प्रोग्रॅम त्याला सारखे प्रश्न विचारत असतो. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या डब्ल्यूएमआय-अ‍ॅक्टिव्हिटीच्या पानावर ५८५८ क्रमांकाची नोंद शोधा. विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रमांक तिच्यात असतो आणि तो टास्क मॅनेजरमधल्या क्रमांकाशी ताडून पाहता येतो.

हेही लक्षात ठेवा की दर वेळी कारण पुसलेलं खातंच असेल असं नाही. अपडेटनंतर काही तास ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ भार घेतो, त्याला त्याचं काम संपवू द्या. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस तपासणी करतो आहे. ‘सिस्टीम इंटरप्ट्स’ वर असेल तर हार्डवेअरकडे किंवा ड्रायव्हरकडे बघायला हवं, खात्याशी त्याचा संबंध नाही. एमआयडीसीत कातकामाच्या शेडला लागून असलेल्या केबिनमध्ये बारीक धूळ आणि तेलाची वाफ पंख्यावर बसते. त्यामुळेही मशीन तापून मंदावतं. पण तेव्हा भाराची यादी शांत असते आणि तरीही काम हळू चालतं.

यानंतरची पायरी ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगाची आहे आणि तिला दहा मिनिटं पुरतात. ‘सर्व्हिसेस’ ही विंडो उघडा आणि तिच्यातला ‘लॉग ऑन अ‍ॅज’ हा रकाना बघा. बहुतेक ओळींपुढे ‘लोकल सिस्टीम’, ‘लोकल सर्व्हिस’, ‘नेटवर्क सर्व्हिस’ असं लिहिलेलं असेल. काहींपुढे ‘एनटी सर्व्हिस’नं सुरू होणारी नावं असतील. ही सगळी विंडोजची स्वतःची खाती, त्यांना हात लावायचा नाही. रकान्यावर टिचकी मारून नावं क्रमानं लावली की बाकीचे वेगळे पडतात. तिथे गेलेल्या माणसाचं नाव दिसलं की तुमचा शोध बराचसा संपला. मग ‘टास्क शेड्युलर’ उघडा. ठरलेल्या वेळी चालणारी कामं तिथे असतात आणि प्रत्येक काम कोणाच्या नावानं चालतं तेही तिथे कळतं. रात्रीचा बॅकअप हमखास इथे सापडतो. किती दिवस तो झालेला नाही, हेही इथेच दिसतं. प्रोसेसरचा भार राहू द्या बाजूला, बॅकअप बंद पडलेला असेल तर सगळं काम थांबवून आधी तो हातानं घ्या.

आता इव्हेंट व्ह्यूअर. त्यातल्या ‘सिस्टीम’ या भागात ७०३८ आणि ७००० या क्रमांकांच्या नोंदी शोधा. पहिली सांगते की अमुक सर्व्हिसला अमुक नावानं लॉगिन करता आलं नाही, दुसरी सांगते की म्हणून ती सुरू झाली नाही. ‘सिक्युरिटी’ या भागात ४७२६ ही नोंद खातं केव्हा आणि कोणी पुसलं ते सांगते. तिथेच ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. तिच्यात नाव असतं, बऱ्याचदा कुठल्या संगणकावरून किंवा कुठल्या पत्त्यावरून प्रयत्न झाला तेही असतं. शिवाय एक उपकोड असतो, त्याचे शेवटचे दोन अंक वाचायला शिका. ६४ असेल तर त्या नावाचं खातंच नाही. ६ए असेल तर नाव बरोबर पण पासवर्ड चुकीचा. ७२ असेल तर खातं आहे पण बंद केलेलं आहे. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर त्याची स्वतःची वेगळी नोंदवही असते. तिच्यात १८४५६ हा क्रमांक फसलेल्या लॉगिनचा. ठरवून लावलेल्या एसक्यूएलच्या कामाचा मालक पुसला गेला असेल तर १५४०४ हा क्रमांकही दिसतो. तिथे कामाची मालकी दुसऱ्या कायम खात्यावर करून द्यावी लागते.

एक खबरदारी घ्या. नोंदींना जागा ठरावीक असते. फसलेल्या लॉगिनचा पूर आला की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात आणि नेमकी तुम्हाला हवी ती तारीख नाहीशी होते. म्हणून तपासाला बसल्यावर आधी ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’ करून नोंदी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मग पुढचं.

४६२५ मधली नावं आणि पत्ते बघताना एक फरक जीव ओतून तपासा. नाव गेलेल्या माणसाचं आणि पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा असेल, तर ती तुमच्याच कार्यालयातल्या एखाद्या मशीनची जुनी सवय आहे. तो पत्ता कोणत्या मशीनचा ते शोधा, बहुधा झेरॉक्स किंवा जतन केलेला पासवर्ड निघेल. पण नावं अनोळखी असतील, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘युजर’ अशी एकामागून एक येत असतील आणि पत्ते बाहेरचे असतील, तर गोष्ट वेगळी आहे. कोणीतरी इंटरनेटवरून तुमचं दार फोडू पाहतं आहे. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडा ठेवलेल्या कार्यालयांत हे सर्रास दिसतं. पोर्ट लगेच बंद करा. एखादं लॉगिन यशस्वी झाल्याचं दिसलं, म्हणजे अशाच पत्त्यावरून ४६२४ ही नोंद दिसली, तर मशीन नेटवर्कपासून तोडा आणि जाणकाराला बोलवा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपन्या आणि संस्थांवर बंधनकारक आहे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

मशीनवर अजून विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ असेल, तर त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले आहेत. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनला इंटरनेटसमोर उघडं ठेवणं मला मुळीच पटत नाही.

कारण सापडल्यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं पुन्हा तयार करणं. हे करू नका, कारण नाव तेच असलं तरी खातं ते नसतं. विंडोज खात्याला नावानं ओळखत नाही, खातं तयार होताना दिलेल्या एका लांबलचक क्रमांकानं ओळखतं. नवं खातं म्हणजे नवा क्रमांक. सातबाऱ्यावरच्या मालकाच्या नावाचाच दुसरा माणूस गावात असला म्हणून तो जमिनीचा मालक होत नाही, तसंच हे आहे. सर्व्हिस कदाचित सुरू होईल, पण जुन्या फोल्डरांवरचे हक्क तिला मिळणार नाहीत. मग ती सुरू होऊन पुन्हा पडेल आणि फेरा नव्यानं सुरू होईल. फोल्डरच्या हक्कांच्या यादीत नावाच्या जागी ‘एस-१-५-२१’नं सुरू होणारा क्रमांक दिसत असेल, तर ती पुसलेल्या खात्याचीच खूण आहे. त्या खात्यानं विंडोजच्या सोयीनं काही फाइली कुलूपबंद केल्या असतील, तर किल्लीची वेगळी प्रत ठेवलेली नसल्यास त्या नव्या खात्याला उघडणार नाहीत. म्हणून गेलेल्या माणसाचा प्रोफाइल फोल्डर कधीही घाईनं साफ करू नका.

ज्यांच्याकडे डोमेन आहे, म्हणजे सगळ्या संगणकांचे युजर एकाच सर्व्हरवरून चालतात, अशा मोठ्या कारखान्यांना एक वाट खुली आहे. सर्व्हर २००८ आर२ पासून पुसलेली खाती परत आणण्यासाठी रिसायकल बिन मिळतो. तो आधी चालू केलेला असावा लागतो. खातं पुसल्यानंतर चालू केला तर गेलेलं खातं जसंच्या तसं परत मिळत नाही. चालू असेल तर साधारण १८० दिवसांपर्यंत खातं त्याच्या जुन्या क्रमांकासह परत येतं. तुमच्या आयटीच्या माणसाला आजच विचारा, ‘आपला रिसायकल बिन चालू आहे का?’ टेबलाखालच्या एकट्या सर्व्हरला ही सोय नाही, म्हणूनच तिथे पुसण्याची घाई जास्त महागात पडते.

खरा उपाय असा आहे. त्या कामासाठी एक स्वतंत्र खातं करा. त्याला माणसाचं नाव देऊ नका, कामाचं द्या. ‘बॅकअप सर्व्हिस’, ‘काटा सर्व्हिस’ असं चालेल. पासवर्ड लांब ठेवा, तो बंद लिफाफ्यात घालून कपाटात ठेवा. त्याला फक्त ज्या फोल्डरशी काम आहे तेवढ्यावरच हक्क द्या. अ‍ॅडमिन करू नका. ‘चालत नाही, अ‍ॅडमिन करून टाका’ हा सल्ला सॉफ्टवेअरवाल्याकडून हमखास येईल, तेव्हा त्याला ठामपणे विचारा की नेमका कोणता हक्क कमी पडतो आहे. मग सर्व्हिसवर दोन टिचक्या मारून ‘लॉग ऑन’ या पानावर नवं नाव भरा आणि सर्व्हिस सुरू करा. टास्क शेड्युलरमधल्या कामांना आणि झेरॉक्स मशीनला पण नवं नाव द्या. शेजारच्या संगणकांवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून जुनं जतन केलेलं नाव काढा. एवढं केल्यावर ४६२५ च्या नोंदी थांबायला हव्यात. थांबल्या नाहीत, तर जुनं नाव अजून कुठेतरी शिल्लक आहे. पत्ता बघून तिथे जा.

लिनक्सचा सर्व्हर असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तिथेही खातं क्रमांकानंच ओळखलं जातं, आणि शेवटचं खातं पुसलं की पुढच्या नव्या युजरला तोच क्रमांक मिळू शकतो. म्हणजे कालच आलेल्या मुलाकडे गेलेल्या अकाउंटंटच्या फाइलींची मालकी आपोआप जाते. ‘फाइंड’ या आज्ञेला ‘नोयुजर’ हा पर्याय देऊन मालक नसलेल्या फाइली आधी शोधा, क्रॉनमधली कामं तपासा, मगच नवं खातं उघडा.

आता माणूस जाताना काय करायचं ते. त्याच्या शेवटच्या दिवशी खात्याच्या गुणधर्मांत ‘अकाउंट इज डिसेबल्ड’ या चौकटीत टिचकी मारा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखं बाहेरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर त्याच्या वापरात होतं का ते बघा, त्याचे पासवर्ड बदला. वायफायचाही बदला. खातं बंद केल्यावरही त्या नावानं चालणाऱ्या सर्व्हिस पुढच्या रीस्टार्टला थांबतीलच, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बंद केलेलं खातं एका टिचकीत परत चालू होतं, पुसलेलं होत नाही. म्हणून तो रीस्टार्ट विजेवर किंवा अपडेटवर सोडू नका. गर्दी नसलेल्या दिवशी संध्याकाळी, बॅकअप घेऊन, तुम्ही स्वतः करा. काय थांबलं ते बघा, ते नव्या खात्यावर हलवा, पुन्हा रीस्टार्ट करा. हंगाम सुरू व्हायच्या आधी आणि मार्चअखेरच्या आधी हे उरकलेलं बरं. पुढे किमान एक संपूर्ण महिना जाऊ द्या, कारण काही कामं महिन्यातून एकदाच चालतात: पगारपत्रक, व्याजाची आकारणी, महिनाअखेरचा बॅकअप. वर्षातून एकदाच चालणारंही काही असतं, हे पतसंस्थांनी विशेष ध्यानात ठेवावं. घाई नसेल तर खातं मार्च ओलांडेपर्यंत बंद अवस्थेत तसंच राहू द्या. त्यानं जागा अडत नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला युजर ही वेगळी बाब आहे. कंपनी म्हणून नोंदणी झालेल्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. कोणती व्हाउचर कोणी बदलली हे लेखापरीक्षक विचारणारच. त्या माणसाचं नाव तिथे वाचता यायला हवं, म्हणून तिथेही युजर निष्क्रिय करा, काढू नका.

आणि एक काम आजच संध्याकाळी, कार्यालयाला कुलूप लावण्याआधी करा. कोणी जाण्याची वाट बघू नका. सर्व्हिसेसची विंडो उघडून ‘लॉग ऑन अ‍ॅज’ हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा, टास्क शेड्युलरही बघा. तिथे तुमच्या कोणा माणसाचं नाव दिसलं, तर तो अजून तुमच्याकडे कामाला आहे तोवर त्याला शेजारी बसवा, ते काम केव्हा आणि कशासाठी लावलं होतं ते त्याच्याकडून वहीत लिहून घ्या, आणि दोघांनी मिळून ते नव्या खात्यावर हलवा.